एक इंच वजा

३ मार्च

ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोन केला की तिसऱ्या मिनिटाला आपलं काहीतरी बिनसतं आणि मग दोन-दोन महिने कुणीच कुणाला फोन करत नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच कळवावं. पत्रात तुला मध्येच तोडता येत नाही, हा एक फायदा आहेच.

तर आम्ही येतोय. चौघंही. मुंगीची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये एक अख्खा दिवस तुझ्या बागेत काढायचा, मुक्काम तुझ्या खोलीवर आणि दुसऱ्या दिवशी परत. "बाग नाही, थीम पार्क" असं तू म्हणशील, पण मला ती बागच. हे बसच्या डेपोत वेळापत्रकं लावतात ना, त्यांनी आमचंही लावून टाकलंय. त्यात "बंबाची शू" अशी दोन वेळा नोंद आहे. बंब चार वर्षांचा झाला आणि नावाला जागतोय. गेल्या महिन्यात खुर्चीत अडकला होता.

मुंगी आठाची झाली. अण्णा गेले तेव्हा तू तिला शेवटचं पाहिलंस, त्याला तीन वर्षं झाली. अजून तशीच आहे गं, एवढीशी. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावतात आणि ही रांगेत पहिली. पहिल्या वर्षी घरी येऊन उड्या मारत सांगायची, "आई, मी पहिली आले." पहिली म्हणजे काय ते आता तिला कळायला लागलंय. आता घरी येऊन काही सांगत नाही.

पण यंदा नवल झालं. तुमच्या त्या उंच चढून उलट्या वळणाऱ्या धूमकेतू नावाच्या गाडीला एकशे वीस सेंटिमीटर उंची लागते ना? मुंगी एकशे एकवीस झालीय! तिने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलंय. मीही शिवायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगितलंय, खोटं कशाला बोलू.

तुला हसू येईल, पण माझ्यासाठी ही साधी सहल नाही. मैदानावर मोठा पाळणा आला होता, आठवतं? तू दहाची, मी सहाची. पाळणेवाल्याने मला हाताला धरून बाजूला काढलं. तू आणि अण्णा वर गेलात, आणि वरून पडू नयेत म्हणून तुमच्या चपला माझ्या हातात दिल्यात. मी चार चपला घेऊन उभी. तुम्ही वरून हात हलवत होतात आणि मला उलटा हात हलवता येत नव्हता, कारण दोन्ही हात भरलेले. माझी पोरगी खाली चपला धरून उभी राहणार नाही. माझं म्हणणं एवढंच.

कधी यावं, काय आणावं, सविस्तर कळव.

तुझी,
छोटी

*

१० मार्च

छोटे,

पत्र पोचलं. या. बाग म्हण, परसदार म्हण, काहीही म्हण, पण या.

मंगळवारी या. शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते आणि सोमवारी निम्म्या गाड्या दुरुस्तीला असतात. दार साडेनऊला उघडतं, तुम्ही नऊला रांगेत उभे राहा. आत शिरलं की सगळी दुनिया उजवीकडे वळते, का ते देवाला ठाऊक. तुम्ही डावीकडे वळा. लहान मुलांच्या होड्या आणि घोडे तिकडेच आहेत, अकराच्या आत बंबाचं सगळं उरकेल. त्याच्या दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहा. इथे रोज सात-आठ पोरं हरवतात, आणि आईचं नाव विचारलं की "आई" असं सांगतात.

बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत, पण लहान मुलाचं म्हणून सांगितलं की अडवत नाहीत. फळं आणा, बिस्किटं आणा, एक ओला पंचा पिशवीत ठेव. नवे बूट घालू नका. हे लोक ऐकत नाहीत, नवे बूट घालूनच येतात आणि दुपारी प्रथमोपचाराच्या खोलीत रांग लावतात. एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धरू नकोस. दोन वाजता एक पोर रडायला लागतं, की त्याचं बघून सगळ्या बागेत भोंगे सुरू होतात. त्याच्या आधी सावलीत बसा, जेवा, बंबाला झोपवा. आणि तुझ्या अहोंना सांग, वेळापत्रक घरी ठेवून या. इथे काहीही वेळेवर होत नाही.

आता धूमकेतूचं. त्याच्या दारात उंचीची दांडी घेऊन अकरा वर्षं मीच उभी आहे, हे तुला माहीत आहेच. एकशे वीसच्या खाली कुणी आत जात नाही. लोक काय काय करतात म्हणून सांगू. बुटात पुठ्ठे, डोक्यावर उंच अंबाडे, टोपीत रुमाल. एका बापाने तर पोराकडून टाचा उचलायची तालीमच करून घेतली होती. गडी सराईतासारखा उभा, पण गुडघे लटपटत होते. मला म्हणाला, "काकू, लवकर मोजा ना."

एक सांग. मुंगीला मोजलं कुणी? तू मोजलंस का? आणि कशाने, अण्णांच्या टेपने का?

ताई

*

१७ मार्च

ताई,

आलं का शेवटी टेपवर! वाटलंच होतं मला. हे जेवायला बसले होते तेव्हा तुझं पत्र मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. बंबाच्या दंडापर्यंत सगळे हसत होते आणि मग शेवटच्या दोन ओळी आल्या. मी पत्र तिथेच आपटलं.

हो, अण्णांच्याच टेपने मोजलं. दुसऱ्या कशाने मोजणार? तीन वर्षं झाली तरी तुझ्या मनातून ते जात नाही. अण्णांचं मशीन मला, कात्री मला आणि टेपही मला, हेच ना? अगं, शिवणकाम मी करते. तू दांडीने मोजतेस, तुला टेप कशाला हवा होता? तेव्हाच बोलली असतीस तर दिला असता. तू गप्प राहिलीस, बॅग उचललीस आणि निघून गेलीस. आता उंचीच्या निमित्ताने टोमणा मारतेस.

मोजलं मुंगीनेच. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते, डोक्यावर पुस्तक आडवं धरते, पेन्सिलीने खूण करते आणि मग टेप लावते. रोज. जानेवारीपासून चौकट नुसती रेघांनी भरलीय. फसवाफसवी करणारी पोर नाही ती, टाचाबिचा काही उचलत नाही. मी नाही मोजलं, खरं आहे. मला वेळ कुठे आहे? नव्या वर्षाच्या गणवेशांचं काम घेतलंय, तीनशे चाळीस नग. रोज चाळीस पोरं दारात उभी असतात. खांदा, छाती, कंबर, उंची, पुढचा. खांदा, छाती, कंबर, उंची, पुढचा. स्वप्नातसुद्धा मी कुणाचा तरी खांदा मोजत असते. घरातलं पोर आपलं आपण मोजतंय, तर मोजू दे की.

आणि समजा, एखाद्या बोटाचा फरक निघालाच, तर तू आहेसच. सख्खी मावशी दारात उभी असताना भाचीला परत पाठवतील का? मी काही तुला नियम मोड म्हणत नाही. फक्त जरा डोळे मिटून मोज.

रागात लिहिलंय, पण पाठवतेय. फाडलं तर पुन्हा लिहायला वेळ नाही.

छोटी

*

२८ मार्च

छोटे,

उत्तराला उशीर केला, मुद्दाम केला. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले.

आधी टेपचं. मला तो हवा होता, हे खरं. तुला काही बोलले नाही, हेही खरं. अण्णांनी मला मोजायला त्या टेपने शिकवलं. शिवणाच्या दुकानात त्यांच्या पायाशी बसून मी वही धरायचे, ते आकडा सांगायचे आणि वर ओरडायचे, "इंच वजा!" एवढं एक त्यांचं माझ्याकडे असावं, असं वाटलं होतं. पण मी विचारलं ते त्यासाठी नव्हतं. त्याचं भेटल्यावर बोलू.

आता डोळे मिटून मोजायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. सात वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. वाढदिवस होता तिचा. एकशे एकोणीस आणि वर थोडं. आजोबा हात जोडत होते, मागची माणसं म्हणाली, "जाऊ द्या हो बाई." मी जाऊ दिलं. त्या गाडीत मांडीवर एक दांडा खाली येतो आणि अडकतो. तो मोठ्या मांडीसाठी केलेला आहे. तिच्या मांडीवर तो टेकलाच नाही. गाडी वर गेली, उलटी वळली, आणि ती पोर दांड्याखालून सरकायला लागली. आजोबांनी तिचा फ्रॉक मुठीत धरून ठेवला, उतरेपर्यंत. त्यांची बोटं मला सोडवावी लागली. पोरीला काही झालं नाही. ती हसत होती, तिला काही कळलंच नव्हतं. मी मात्र दांडी टेकवून ठेवली. मग साहेबांकडे गेले आणि माझी चूक झाली असं लिहून दिलं. दोन महिने मला कचऱ्याच्या गाडीवर लावलं होतं, तेव्हा तुला "बदली झालीय" असं सांगितलं होतं ना, ते हेच.

त्या दिवसापासून मी अर्ध्या सेंटिमीटरचीही दया करत नाही. कुणावरच नाही.

तुम्ही येणार त्या मंगळवारी रजा टाकावी, असंही मनात आलं. म्हणजे मग जे काही होईल ते दुसऱ्याच्या हातून होईल. पण माझ्या जागी जो येतो तो चष्मा खिशात ठेवून मोजतो. त्याच्या हाती मी आपली पोर सोपवणार नाही. तेव्हा दारात मीच असेन.

मुंगीला माझा एक निरोप दे, विसरू नकोस. म्हणावं, मावशीला मान्य आहे. बाकी काही सांगू नको, एवढंच.

ताई

*

६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून मी मशीन बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एवढं सगळं एकटीने पोटात ठेवलंस? मला सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं का? कचऱ्याच्या गाडीवर दोन महिने, आणि मी इकडे सगळ्यांना सांगतेय, ताईला बढती मिळाली. तू तरी काय आहेस!

पण शेवटी विरघळलीस, मला माहीत होतं. निरोप मुंगीला दिला. म्हटलं, मावशीला मान्य आहे, तुला बसवणार आहे धूमकेतूत. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं नाचेल. आजकालच्या पोरांचं काही कळत नाही. आणि मांडीचा तो दांडा तू नीट तपासशीलच, तू असताना मला घोर नाही.

वीस तारखेला मंगळवार आहे, तीच ठरवली. पहाटेची बस, साडेआठला तिथे. दोघांना पिवळेधमक कपडे शिवलेत, गर्दीत लांबून दिसतील असे. बंबाचा सदरा चौथ्यांदा उसवून मोठा केला. मुंगीचा फ्रॉक अंदाजाने शिवला, तिला उभं करायला वेळच झाला नाही, पण बसतोय. खांद्यात जरा सैल आहे, वाढत्या अंगाचं म्हणून चालेल. नवे बूट नाहीत, ओला पंचा आहे, वेळापत्रक यांनी खिशात लपवलंय आणि त्यांना वाटतं मला दिसलं नाही.

तीनशे चाळीसांपैकी दोनशे नव्वद झाले. उरलेले आल्यावर.

टेपचं भेटल्यावर बोलू म्हणालीस ना, बोलू. मीही बोलणार आहे.

तुझी,
छोटी

*

२६ एप्रिल

ताई,

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पाच दिवस पाळलं. आज पन्नास गणवेश पुरे करून दिले आणि हात रिकामे झाले, की डोक्यात पुन्हा तेच. म्हणून लिहितेय. मला राग आलेला आहे, हे आधीच सांगते.

सकाळचं सगळं तू सांगितलंस तसं झालं. डावीकडे वळलो, बंब होडीत बसला, घोड्यावर बसला, घोड्यावरून उतरेना, रडला, बिस्किट खाल्लं, झोपला. यांनी वेळापत्रक काढलं तर आम्ही चाळीस मिनिटं पुढे होतो. त्यांना एवढं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं. हे बंबाला घेऊन झाडाखाली बसले आणि मी आणि मुंगी धूमकेतूच्या रांगेत लागलो. पाऊण तास उभ्या होतो. ती एक शब्द बोलली नाही, माझा हात धरून होती. मला वाटलं घाबरलीय. मी आपली बडबडतेय, मावशी आहे, घाबरू नकोस, मावशी आहे.

मग तू दिसलीस. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात दांडी. तीन वर्षांनी बघतेय तुला, केस केवढे पिकलेत गं. मी हसले. तू हसली नाहीस. मुंगी आपणहून पुढे झाली, चप्पल काढली, टाचा टेकवल्या, दांडीला पाठ लावली. तू दांडीवरची पट्टी खाली आणलीस. ती डोक्याला लागलीच नाही, मध्ये हवा. तू म्हणालीस, "एकशे साडेअठरा. नाही." दुसऱ्या कुणाच्या पोरीला म्हणतात तसं.

मी म्हटलं, पुन्हा मोज. तू पुन्हा मोजलंस, साडेअठरा. मी म्हटलं, घरी एकशे एकवीस भरली, तुझी दांडी चुकीची आहे. मागचे लोक कुजबुजायला लागले. मी म्हटलं, "अगं ताई, तुझी भाची आहे ती." एवढ्या लोकांत माझा आवाज चिरकला, मला माझीच लाज वाटली. मग निरोप कशाला पाठवला होतास? मान्य आहे म्हणून? मला काय समजायचं होतं? मला वाटलं, टेपचा राग तू माझ्या लेकरावर काढलास. हो, वाटलं, लिहूनच टाकते.

आणि मुंगी? ती रडेल म्हणून मी तिला जवळ घ्यायला वाकले, तर ती म्हणाली, "आई, तू जा. तू बस." मी म्हटलं काहीतरीच काय, माझी पाठ दुखते, बंब उठेल. तर ती खाली बसली आणि माझ्या चपलांचे बंदच सोडायला लागली. भर रांगेत. मी तुझ्याकडे पाहिलं, की हिला आवर. तू मला दांडीला लावलंसुद्धा नाहीस. "ही बसते," म्हणालीस, जसं काही माझं माप आधीच कुणी तुझ्याकडे देऊन ठेवलं होतं. आणि खांद्याला धरून मला आत ढकललंस.

मग काय झालं ते सांगू? बाजूला एक अनोळखी म्हातारा होता, मी त्याचा हात एवढा घट्ट धरला की त्याने "हळू" म्हटलं. गाडी वर चढली, चढतच राहिली, आणि टोकाला एक क्षण थांबली. खाली कठड्यापाशी तुम्ही दोघी दिसलात. पिवळा फ्रॉक लांबूनही ओळखू आला. मुंगीच्या दोन्ही हातांत माझ्या चपला होत्या आणि ती त्या चपलाच हलवत होती. डोक्याच्या वर धरून, दोन्ही हातांनी, जोरजोरात. मला हे का सुचलं नव्हतं गं सहाव्या वर्षी? हात भरले होते, तर चपला हलवायच्या. एवढं साधं. मग गाडी सुटली. मी ओरडले की रडले की हसले, मला आठवत नाही. म्हातारा म्हणतो, तिन्ही.

खाली उतरले. मुंगीने चपला माझ्या पायापाशी नीट जोडून ठेवल्या आणि विचारलं, "कसं होतं?" मी म्हटलं, छान. आणि मग तुझ्याकडे न बघता तिला घेऊन निघून आले. तुझ्या खोलीवर आलो नाही, संध्याकाळचीच बस धरली. तू आमच्यासाठी दुसऱ्यांकडून गाद्या मागून आणल्या होत्यास, हे यांनी मला बसमध्ये सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आले असते का? माहीत नाही.

पण ताई, एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तू "नाही" म्हणालीस तेव्हा मुंगीने तुझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. आपण दुकानदाराला डोलावतो ना, बरोबर वजन केलंस म्हणून, तशी. तिला विचारलं तर सांगत नाही. तुमच्या दोघींत काय शिजलं होतं?

छोटी

*

२ मे

छोटे,

तुझा राग पोचला. बराचसा रास्त आहे. निरोप मी तसा पाठवायला नको होता. तू त्याचा काय अर्थ लावशील हे मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगते, थोडं कळलंही होतं. तरी पाठवला, कारण ज्याला पोचायचा त्याला तो बरोबर पोचणार होता.

सोबत एक कागद आहे. तो मला मार्चमध्ये आला. तुला दाखवणार नाही असं कबूल केलं होतं, आता ते मोडतेय. तिला विचारून मोडतेय असंही नाही. तिच्यावर रागावू नकोस, काय असेल ते माझ्यावर काढ.

कागद तुझ्याच मापाच्या वहीतला आहे, बघितलास की ओळखशील. वर छापलेले रकाने आहेत ते तिने आपले आपण भरलेत. मी तो दहा वेळा वाचला. अकरा वर्षांत मी इतकी पोरं मोजली, पण आपण कमी भरतोय हे आधीच लिहून कळवणारी ही एकटीच.

टेप तुझ्याकडेच ठेव. मला आता नको, मनापासून सांगते. नवाही घेऊ नकोस, तुझा हात त्यावर बसलाय. इतका बसलाय की तू वजा करतेस हे तुझं तुलाही कळत नाही. फक्त एक कर. दारात गिऱ्हाइकं यायच्या आधी सकाळी तिला समोर उभी कर आणि तू मोज. खांदा, छाती, कंबर, उंची. तीन रकाने अजून रिकामेच आहेत.

दीड सेंटिमीटर म्हणजे काही फार नाही, पुढच्या सुट्टीपर्यंत होईल. तेव्हा आधी माझ्या खोलीवर या, मग बागेत. गाद्या अजून परत केलेल्या नाहीत.

तुझी,
ताई

*

[सोबतचा कागद]

नाव: मुंगी
खांदा: माहीत नाही
छाती: माहीत नाही
कंबर: माहीत नाही
उंची: ~~१२१~~ ११८ आणि अर्धा

१९ मार्च

मावशी,

हे पत्र मी शाळेजवळच्या पेटीत टाकते आहे. तिकीट आईच्या खणातलं आहे, मी तिला नंतर सांगीन.

आईने तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग ती टेपवरून चिडली. टेपमध्ये काय आहे ते मी नीट बघितलं. त्याला सुरुवातच नाही. इंचाच्या बाजूला तो एकपासून सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूला पहिला आकडा तीन आहे. मग मी आई मापं घेते तिथे बसून राहिले. ती तोंडाने अठ्ठावीस म्हणते आणि वहीत सत्तावीस लिहिते. सगळ्यांचं असंच करते. फक्त मी माझं मोजताना वजा केलं नव्हतं. मग मी शाळेच्या पट्टीने मोजलं. चार वेळा मोजलं, चारही वेळा तेवढंच आलं.

मी थोडी रडले. बंबाने विचारलं तर मी सांगितलं की डोळ्यात दोरा गेला.

आईला सांगू नकोस. ती आधी रागावेल, मग रडेल, मग मशीन खूप जोरात चालवेल, आणि मग म्हणेल की जायचंच नाही. मला उत्तर पण पाठवू नकोस, पत्र आई उघडते. मान्य असेल तर फक्त मान्य आहे असा निरोप दे.

मी दांडीपाशी उभी राहीन आणि तू मला नाही म्हण. मी रडणार नाही. मग तू आईला बसव. ती म्हणेल नको, ती म्हणेल पाठ दुखते. तरी बसव. ती लहानपणी खाली राहिली होती. तुला माहीतच आहे, तू वर होतीस. चपला मी धरीन.

आईला मी ती झोपली होती तेव्हा मोजलं. एकशे त्रेपन्न. इंच वजा करून. ती बसते.

मुंगी